शिट्टी जास्त वाजली

‘कार्यक्रम छान झाला. रोडगे एक नंबर. फक्त शिट्टी जास्त वाजली.’

रविवारच्या आमच्या नेमबाजीबद्दल ग्रुपवर आलेला हा एकमेव अभिप्राय. त्याखाली 39 अंगठे. लिहिणारा माझा सख्खा साळा, आणि अंगठा देणाऱ्यांत माझी बायको. ती म्हणते, चुकून दाबला गेला. बोट ट्रिगरवर ठेवू नका, ठेवलं की चुकून दाबलं जातं, हे मी दिवसभर साठ माणसांना घसा फोडून सांगत होतो. निदान घरात तरी पोचायला हवं होतं.

हे लफडं मुळात माझंच. ऑगस्ट 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकात स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत कांस्यपदक घेतलं आणि कोल्हापूरकडचा, रेल्वेत टीसी असलेला पोरगा हे करतो म्हटल्यावर आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात प्रत्येकाला आपल्यातही एक कुसाळे दडला आहे असं वाटू लागलं. त्याची स्पर्धा 50 मीटरची, तीन आसनांतली, पॉइंट टू टूच्या रायफलची. आमच्याकडे होती छर्र्याची बंदूक. हा फरक मी सांगितला, कोणी ऐकला नाही. कॉलेजात मी एनसीसीत होतो, 25 मीटरवरून पाच गोळ्या मारल्या होत्या, त्यातल्या तीन माझ्याच कागदाला लागल्या होत्या, एवढ्या भांडवलावर मी वस्ताद झालो. पहिल्या रविवारी नाल्याच्या काठी आम्ही चौघं होतो. काय सुख होतं ते! पुढच्या खेपेला नऊ. मग बावीस. बावीस झाल्यावर मी शिट्टी आणली. आणि या खेपेला साळेबुवांनी माझ्या निरोपाखाली आपली एक ओळ जोडली : ‘सोबत रोडगे आणि वांग्याची भाजी.’

आले 63.

आता हिशोब बघा, कारण तो बघायला मी सोडून कोणी तयार नव्हतं. बंदुका तीन. एका पाळीला तीन माणसं, प्रत्येकाला दहा छर्रे. बसणं, धरणं, नळी मोडून म्हणजे सांध्यात खाली वाकवून छर्रा भरणं, ‘सर, दिसत नाही,’ ‘बाबा रे, डावा डोळा मीट,’ ‘मिटला,’ ‘उजवा मिटलास,’ हे सगळं धरून पाळीला दहा मिनिटं. म्हणजे 21 पाळ्या, साडेतीन तास. छर्र्यांचे डबे दोन, एकेकात 250. सगळ्यांना दहा-दहा द्यायचे तर 630 लागतात. म्हणून मी माणशी सात केले. ‘सर कंजूष हायेत’ ही कुजबूज तिथून सुरू झाली.

शिवाय ज्याला त्याला बंदूक येतच होती. सगळ्यांनी जत्रेत फुगे फोडलेले. जत्रेतल्या बंदुकीची नळी वाकडी असते, फुगा नारळाएवढा असतो आणि तो फुटला नाही तरी दुकानदाराचं काही जात नाही. या शिक्षणावर एक जण आल्या आल्या बंदूक खांद्यावर टाकून, नळी मागच्या रांगेकडे करून, फोटोसाठी उभा राहिला. पहिली शिट्टी त्याला वाजली. ‘भरेल नाई ना सर,’ तो म्हणाला. भरलेली नाही असं वाटत असलं तरी भरलेलीच समजायची, हे वाक्य मी रविवारी किती वेळा म्हटलं असेल ते मोजलं असतं, तर त्यावर कोणी अंगठा दिला असता का? साडेचार मिलिमीटरची, 20 ज्यूलच्या आतली हवेची बंदूक असली तर 2016 च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. लोकांनी त्यातला ‘लागत नाही’ एवढाच शब्द उचलला. लागत नाही म्हणजे परवाना लागत नाही, डोळ्याला छर्रा लागतो. मी आपला खबरदारी म्हणून पोलीस ठाण्यात पत्र देऊन आलो होतो. तिथल्या जमादारांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, ‘गांधीजींच्या जिल्ह्यात हे धंदे कशाला, गुरुजी?’ पत्रात मी वीस माणसं लिहिली होती, म्हणून मान खाली घालून परतलो.

तर फक्कीनं दोन रेषा आखल्या. पुढची बंदूकवाल्यांची, सात-आठ पावलं मागे दोरी, दोरीमागे प्रजा. एक लांब शिट्टी म्हणजे सुरू. दोन म्हणजे थांबा, नळी मोडून बंदूक खाली ठेवा, मागे या. तीन म्हणजे आता पुढे जाऊन कागद बदलायला हरकत नाही. पांधणीच्या तोंडाशी लाल फडकं देऊन एक पोट्टा उभा केला. समोर नाल्याची दरड, दीड पुरुष उंच, निव्वळ माती. दगड असता तर छर्रा उलटून येतो. दरडीच्या पलीकडे पडीत, माणूसकाणूस नाही. सगळं तपासलं होतं. सुरू करायला शिट्टी तोंडात धरली आणि कागदाच्या शेजारी, जेमतेम चार हातांवर, बाभळीखाली काहीतरी हललं.

आबाजी होते. शेजारच्या शेतातले. पोतं अंथरून, टोपी डोळ्यांवर घेऊन आडवे.

मी धावत गेलो. ‘आबाजी, इथून उठा जी. आम्ही छर्रे मारणार आहोत.’

‘मारा ना. म्या कोठी नाई म्हनलं?’

‘तुम्हाला लागतील.’

‘मले काहून लागतीन? कागद तं तिकडं लावला तुमी.’

‘एखाद्याचा नेम चुकतो.’

त्यांनी टोपी वर केली. ‘नेम चुकते, तं मंग त्याच्या हाती बंदूक कायले देता?’

मी वळून पाहिलं. दोरीमागे त्रेसष्ट जण उभे होते. त्यात माझे सासरे, संरक्षणाचा चष्मा उलटा लावून. उत्तर सुचलं नाही.

‘शिकायला आलेत सगळे,’ मी म्हणालो.

‘शिकाच्या आंधीच साठ झाले? शिकल्यावर किती होतीन?’

‘आबाजी, उठा ना.’

‘बरं, एक सांगा. थे पोट्टे माह्यावर नेम धरून राह्यले का?’

‘नाही हो!’

‘कागदावर धरून राह्यले?’

‘हो.’

‘अन् कागदाले लागत नाई म्हन्ता. मंग नेम नाई धरला थ्या मानसाले कशी लागन? मी का कागदाहून सोपा हावो?’

‘कागदापेक्षा तुम्ही मोठे आहात, आबाजी.’

हे ते वेगळ्याच अर्थानं घेऊन गेले. ‘हावोच मोठा,’ ते उठून बसत समाधानानं म्हणाले, ‘एक्क्याऐंशी पुरे झाले औंदा. पन चाळीस वर्सं झाले, जेवन झालं का याच बाभईखाली पडतो. सरकारचा मानूस मोजनीले आला होता, त्यानंबी उठोलं नाई. बाभूय माही, धुरा माहा, सावली माही. तुमची गोयी इकडं येऊन राह्यली, तं थ्या गोयीले सांगा.’

मागून साळेबुवा ओरडले, ‘सर, सुरू करू का?’ मी शिट्टी वाजवली. लोकांना वाटलं, सुरू. मग दोन वाजवल्या. ज्या जास्त वाजलेल्या शिट्ट्या म्हणतात, त्यातल्या या पहिल्या तीन.

आबाजींना आता विषयात गोडी वाटू लागली होती. ‘हे अंतर किती म्हनाचं?’

‘दहा मीटर.’

‘हात सांगा.’

मी मनात गुणाकार केला. ‘बावीस हात.’

‘बावीस! अन् मारता काय?’

मी कागद दाखवला. सबंध वर्तुळ साडेपंचेचाळीस मिलिमीटरचं, पण मधला दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटर. खसखशीच्या दाण्याच्या निम्मा. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, उलटा केला.

‘दिसत नाई.’

‘तो तसाच असतो.’

‘दिसत नाई थ्याले मारता, अन् मी एवढा बसलो हावो थो तुमच्या मधात येते! वा रे नेमबाजी!’ मग आवाज खाली आणून त्यांनी गोफण काढली. म्हणजे गोष्ट काढली, गोफण नव्हती. जवारी असायची तेव्हा माळ्यावर उभं राहून ते गोफण फिरवायचे आणि साठ हातांवरून कणसावरचा पोपट उडवायचे, एक दाणा न सांडता. ‘पोपट मेला नाई पायजे, अन् बसला नाई पायजे. याले नेम म्हन्तेत. लायसन नोतं, चष्मा नोता, अन् शिट्टी तं बिलकुलच नोती.’ या दाव्याची खातरजमा एकट्या पोपटालाच करता आली असती. पण खरं सांगायचं तर बंदूक, छर्रा, रेषा यांतलं काहीही हातात नसताना नेमबाजीबद्दलचं त्या दिवसभरातलं शहाणं वाक्य तेवढं एकच होतं, आणि ते माझं नव्हतं, याचा मला राग आला.

हलेनात तर हलेनात. माणूस समोर असताना शिट्टी वाजवणार नाही, एवढा एक हट्ट माझाही होता. ‘आबाजीच्या बाजूचा कागद सोडून मारू, दोन बंदुका चालवू,’ अशी तडजोड सासऱ्यांनी सुचवली. मी नाही म्हणालो. ते तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत, पण ते आधीही फारसं बोलत नव्हते. शेवटी आखाडाच हलवला. नाला पुढे जिथे वळतो तिथल्या दरडीसमोर नव्यानं फक्की, नव्यानं दोरी, पलीकडे जाऊन पुन्हा पाहणी. त्या बाजूला कपाशीत चार बाया वेचणी करत होत्या. त्या किलोवर वेचतात, त्यांना ‘जरा थांबा’ म्हणण्याचा मला काय अधिकार? त्या ओळ संपवून पार दुसऱ्या धुऱ्याला पोचेपर्यंत थांबलो. चाळीस मिनिटं गेली. ऊन आता थेट नेम धरणाऱ्यांच्या डोळ्यांत. ‘हेच आधी का नाही केलं?’ असं मला अकरा जणांनी विचारलं.

आणि शिट्टी तोंडात धरतो तोच पोतं काखेत मारून आबाजी आले. दोरीमागे पहिल्या रांगेत, सासऱ्यांना सरकवून बसले.

‘तुमची बाभूळ?’ मी विचारलं. माझा आवाज कापत होता.

‘तमाशा इकडं आला, मंग तिकडं एकटा बसून काय करू?’

पुढचं सगळं तसं बरं झालं. म्हणजे काहीच झालं नाही. कोणाला खरचटलंही नाही. नळी मोडताना बोट अडकणार होतं त्याचं मी हातावर फटका मारून काढलं, तर त्याची आई माझ्यावर धावून आली. बाटली फोडू द्या म्हणणाऱ्या पोरांना काचेचं समजावलं. बारा चष्मे नेले होते, सात परत आले. पाच जण त्याच चष्म्यातले फोटो टाकत आहेत. छर्रे शिशाचे, म्हणून रोडग्यांआधी सगळ्यांना साबणानं हात धुवायला लावले. बादली घेऊन मी, पाणी घालायलाही मीच. ‘नवरीकडचे दिसता,’ कोणीतरी म्हणालं. यातला एक जरी छर्रा भलतीकडे गेला असता तर माझं नाव पेपरात आलं असतं. गेला नाही, म्हणून शिट्टीचं आलं.

एक पोरगा तेवढा पाळीला बसला नाही. तीसएक वर्षांचा, लांब उभा. माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, ‘सर, हे डुकराले लागन का?’ मी हसलो. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा, रानडुकराला गुदगुल्याही होणार नाहीत, आणि 1972 चा वन्यजीव कायदा आहे, असं बरंच काही वस्तादी थाटात बोललो. तो ऐकून घेत म्हणाला, ‘कायदा मले मालूम हाये. डुकराले नाई ना.’ त्याचा हरभरा तीन रात्रींत लोळवला होता. पंचनाम्याला तिघं साहेब लागतात, ते तिघं एका दिवशी एका शेतात येत नाहीत. आले की कागद होतो, पैसे कधी येतील ते कोणी सांगत नाही. रात्री जागल करायची म्हणून तो रोडगे न खाताच निघाला. त्याला थांबवायला माझ्याकडे काही नव्हतं. गळ्यात शिट्टी होती.

चार वाजता माझी पाळी आली. त्रेसष्टांत मी धरलेला नव्हतो. डबा उघडला, रिकामा. 63 साती 441, म्हणजे 59 उरायला हवेत. ते कोणाच्या खिशात गेले हे विचारायला लोक होते कुठे? सगळे गोवऱ्यांच्या राखेभोवती. तिथे गेलो तर रोडगेही संपलेले. भाजीच्या गंजाच्या तळाशी तर्री होती, वांगं नव्हतं. साळेबुवा ढेकर देत म्हणाले, ‘दाजी, पुढच्या खेपेला शंभरचं पकडा.’

काल संध्याकाळी आबाजी घरी आले. चहा घेतला, खुंटीकडे बघत बसले.

‘थे बंदूक काई कामाची नाई,’ ते म्हणाले. ‘थे शिट्टी द्या.’

‘शिट्टी? कशाला?’

‘डुकरं येतेत राती. डबडे वाजोले, फटाके फोडले, आता आयकत नाईत. तुमच्या शिट्टीनं परवा साठ मानसं मागं सरकले. थे तं डुकरं हायेत.’

दिली. पन्नास रुपयांची होती, नवीन होती. बायको म्हणाली, बरं झालं. तिच्या त्या ‘बरं झालं’मध्ये पुन्हा एक अंगठा होता.

रात्री दीडच्या सुमाराला नाल्याकडून शिट्टी ऐकू आली. एक लांब. मग दोन. मी अंथरुणात उठून बसलो. मग तीन.

तीन शिट्ट्यांचा अर्थ डुकरांना कोणी सांगितलेला नसावा.