आईच्या कपाळावरचं पानशेत

आईचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं तेव्हा सगळ्यात अवघड काम गुरुजी मिळवण्याचं असेल, असा माझा अंदाज होता. गुरुजी पहिल्या फोनला मिळाले. कर्वे रस्त्याच्या आतल्या बाजूला हॉल मिळाला, आणि त्याला चक्क पार्किंगही निघालं. अळूच्या फतफत्यात मुळा घालायचा की नाही यावरून ताई आणि केटरर यांच्यात थोडं वाजलं, पण तेही एका संध्याकाळीत निवळलं. गाडं अडलं ते फोटोपाशी. पत्रिकेवर आईचा फोटो हवा आणि हॉलच्या दारात फ्लेक्स हवा, हे व्हॉट्सॲपवरच्या घरच्या ग्रुपवर एकमतानं ठरलं. आमच्या घराण्यात एकमतानं ठरलेली ती शेवटची गोष्ट.

सहस्रचंद्र म्हणजे हजार पौर्णिमा. साडेएकोणतीस दिवसांना एक धरली तर ८० वर्षं आणि वर साधारण १० महिने होतात. हा हिशेब मी मांडून आईला दाखवला. ती म्हणाली, "चातुर्मासातल्या वजा कर. त्या ढगात गेल्या."

फोटो शोधायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की ऐंशी वर्षांत आईचा एकटीचा म्हणून फोटोच नाही. प्रत्येक फोटोत ती कडेला आहे, कुणाचं तरी पोर कडेवर आहे, किंवा ताट घेऊन चाललेली असताना अर्धी कापली गेली आहे. चारपाच फोटोंत तिचा फक्त आडवा हात आहे, म्हणजे "माझा नको रे" म्हणत असताना क्लिक झालं. एकटीचा असा एकच, आधार कार्डावरचा. देशातलं पहिलं आधार २०१० साली आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं; आमच्या आईची पाळी दोन वर्षांनी आली. "हलू नका" असं सांगितल्यावर तिनं श्वाससुद्धा रोखून धरला होता, आणि ते फोटोत स्पष्ट दिसतं.

मग माझ्या मुलानं मोबाइलवर तिचा फोटो काढला. पाहतो तर गाल कसे, नुकत्याच उतरवलेल्या इडलीसारखे. सुरकुती नाही, छिद्र नाही, काही नाही. "मी काहीच केलं नाही," तो म्हणाला, "ब्यूटी मोड चालू होता. फोन आपला आपणच करतो." आईनं चष्मा लावून नीट पाहिलं आणि विचारलं, "इस्त्री फार गरम नव्हती ना?"

शेवटी स्टुडिओत जायचं ठरलं. लक्ष्मी रस्त्याच्या एका बोळात, जिना चढून पहिला मजला. दारातच पाटी:

"चेहरा जसा आणाल तसा मिळेल. 'जरा गोरं करा' असे सांगू नये. लहान मुलांना हसवणे ही पालकांची जबाबदारी आहे."

पाटी वाचून ताईचा चेहरा पडला, कारण ती नेमकं तेच सांगायला आली होती. आमची आई सावळी. "सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस" हे तिनं जन्मभर ऐकलं. १९६६ साली लग्नासाठी तिचा दाखवायचा फोटो काढला, तेव्हा त्या वेळच्या स्टुडिओवाल्यानं तिला न विचारता चांगली दोन हात उजळ करून दिली होती. वडिलांकडची मंडळी बघायला आली. आजीनं एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि विचारलं, "ही धाकटी का?" धाकटी, म्हणजे आमची मावशी, खरोखरच गोरी होती आणि नेमकी तेव्हाच पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. पुढचा गोंधळ मी सांगत नाही, कारण मावशी अजून खुटखुटीत आहे. वडिलांनी फोटो परत केला आणि मुलगी पसंत केली, एवढं पुरे.

तर, आई स्टुलावर बसली. नथ घालायला ठाम नकार दिला. पदर सारखा केला, फोटो निघाला. हसरा, थोडा मिश्कील, अगदी ती. मला वाटलं सुटलो. पण आत काचेच्या केबिनमध्ये एक विशीतला पोरगा कॉम्प्युटरसमोर बसला होता, आणि खरं ऑपरेशन तिथं होतं.

त्यानं आईचा चेहरा एवढा मोठा केला की पडद्यावर फक्त डावा गाल मावला. इतक्या जवळून मी आईला कधी पाहिलं नव्हतं. सिंहगडाचा नकाशा असावा तशी ती त्वचा. पोरानं एक गोल आणला, सुरकुतीवर ठेवला, टिक केलं. सुरकुती गेली. टिक, डोळ्याखालची एक गेली. टिक, टिक. तो गाणं गुणगुणत होता आणि दर टिकला आई दोन दोन वर्षांनी लहान होत होती. मी मनात मोजत होतो. दहा मिनिटांत ती माझ्या वयाची झाली. आणखी पाच मिनिटं थांबलो असतो तर मला तिला "अगं ए" म्हणावं लागलं असतं.

"याला हीलिंग ब्रश म्हणतात, काका," पोरगा म्हणाला. "बाजूची चांगली स्किन घेतो आणि खराब जागी बसवतो." म्हणजे शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसं. प्रश्न एवढाच, की ऐंशीव्या वर्षी सगळी आळीच सारखी असते; साखर आणायची कुणाकडून? कानामागचा एक चांगला तुकडा त्याला सापडला होता, त्यावर तो सगळं भागवत होता.

मग तो कपाळावर आला. आईच्या डाव्या भुवईच्या वर बोटाच्या पेराएवढा लांबट व्रण आहे. गोल आला, टिक झालं, व्रण गेला.

"तो ठेव रे बाळा," मागून आई म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली ते कळलंच नव्हतं. "तो पानशेतचा आहे."

"पानशेतला रिसॉर्टला गेला होतात का आजी?"

केबिनमध्ये शांतता पसरली. त्या पोराची चूक नाही. त्याला पानशेत म्हणजे वीकेंड, टेंट आणि बार्बेक्यू. आईला पानशेत म्हणजे १२ जुलै १९६१. धरण फुटलं, खालचं खडकवासलाही गेलं, आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. आई तेव्हा सोळा वर्षांची, नारायण पेठेतल्या वाड्यात राहायची. सगळे वरच्या मजल्यावर पळाले तेव्हा ही पाण्याचा तांब्याचा हंडा घेऊन जिना चढायला लागली. बाहेर सगळं पाणीच पाणी आणि ही हंडा भरून वर नेतेय, हे तिला आजतागायत विनोदी वाटलेलं नाही. "ते पाणी प्यायचं होतं," ती म्हणते. पाय सरकला, हंड्याचा काठ कपाळाला लागला. वाड्याच्या दोन खोल्या गेल्या, हंडा वाचला. तो आमच्याकडे आहे, त्यात सध्या छत्र्या ठेवतो.

हे सगळं तिनं त्या पोराला उभ्या उभ्या सांगितलं. त्यानं मुकाट्यानं कंट्रोल आणि झेड दाबलं. व्रण परत आला. बटण एकच आणि आई एकदम खूश.

आवाज ऐकून मालक आले. सत्तरी ओलांडलेले, खिशाला दोन पेनं, डोळ्यांवर जाड भिंगं. ती भिंगं का लागली तेही त्यांनी सांगितलं. त्यांच्या उमेदीत हे काम निगेटिव्हवर व्हायचं. उतरत्या मेजावर घासलेली काच, खाली आरसा, त्यातून उजेड वर यायचा. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं, म्हणजे कागदावर काळी उमटणारी सुरकुती तिथं पारदर्शक रेघ असते. त्या रेघेत पेन्सिलीनं बारीक बारीक ठिपके भरायचे. पेन्सिलीचं टोक पॉलिशपेपरवर घासून सुईसारखं करायचं. निगेटिव्हच्या गुळगुळीत अंगावर पेन्सिल धरेना म्हणून आधी एक औषध चोळायचं. एका चेहऱ्याला अर्धा तास.

"त्यामुळे माणूस विचार करायचा, ताई," ते आईला म्हणाले. "अर्धा तास घालवून कोण उगाच सगळं पुसेल? आमच्या वस्तादांचा नियम होता, पुढच्या आठवड्यात आपोआप जाणार असेल ते काढायचं. पुटकुळी काढा, डास चावलेला काढा, रात्रीचं जागरण काढा. जे माणसाबरोबर राहणार आहे त्याला हात लावायचा नाही. २००२ साली हा ब्रश आला आणि पेन्सिल गेली. आता चेहरा पुसायला कष्टच पडत नाहीत."

मला हे इतकं पटलं की मी तिथंच ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला. फ्रान्समध्ये २०१७ पासून जाहिरातीतल्या मॉडेलचं शरीर बारीक किंवा जाड केलं असेल, तर 'फोटोत फेरफार केला आहे' असं छापावं लागतं. नॉर्वेत २०२२ पासून जाहिरातीत शरीराचा आकार किंवा त्वचा बदलली तर शिक्का मारावाच लागतो. आपणही संयम पाळू या, वगैरे. ताईचं उत्तर दोन मिनिटांत आलं: "आपण नॉर्वेत नाही, नऱ्ह्यात राहतो."

पुढचा आठवडा आवृत्त्यांचा. मिशिगनहून धाकट्याचं म्हणणं, मानेचं तेवढं बघा, बाकी ओके. माझ्या बायकोचं म्हणणं, आईंना आवडेल ते करा, पण चष्म्यावर ट्यूबलाइट चमकतेय ती काढा. (ही एकमेव शहाणी सूचना होती आणि म्हणूनच तिच्यावर चर्चा झाली नाही.) मावशीचा फोन आला. तिला आईच्या फोटोबद्दल काही म्हणायचं नव्हतं. पत्रिकेच्या कोपऱ्यात जो कुटुंबाचा फोटो जाणार होता, त्यात ती आईशेजारी बसली होती. "तिला तरुण करताय ते करा," ती म्हणाली, "पण मी धाकटी आहे हे दिसलं पाहिजे." तिलाही त्या प्रमाणात खाली आणणं आलं. हे गणित पोरानं विनातक्रार सोडवलं.

आणि आता कबुली. त्या कोपऱ्यातल्या फोटोत मीही होतो. वरून उजेड पडल्यामुळे माझं टक्कल जरा जास्तच तेजस्वी दिसत होतं. नियम मला पाठ होता: पुढच्या आठवड्यात जाणार नाही ते काढायचं नाही. पण मी काही काढायला सांगत नव्हतो, थोडं घालायला सांगत होतो. वस्तादांच्या नियमात घालण्याबद्दल काहीच नव्हतं. मालक चहाला गेल्याचं पाहून मी पोराच्या कानाशी लागलो.

"कुणाचे घालू?" त्यानं विचारलं.

"म्हणजे?"

"केस काका. कुठून तरी कॉपी करावे लागतात. तुमच्यात नाहीत." त्यानं फोटोवर नजर फिरवली. "हे कोण?"

"धाकटा भाऊ."

"मग चालतील. घरचेच आहेत."

त्याच आठवड्यात आईचा हयातीचा दाखलाही द्यायचा होता. वडील खडकीला दारूगोळा कारखान्यात होते, त्यांचं फॅमिली पेन्शन तिला मिळतं. ऐंशीच्या वरच्यांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, आणि आता मोबाइलसमोर चेहरा धरला तरी चालतं. घरात एकीकडे आईचं वय कमी करण्याचा उद्योग, दुसरीकडे ती आहे हे सिद्ध करण्याचा. पहिल्यांदा जमलं नाही, कारण मी तिला दिव्याकडे पाठ करून बसवलं होतं. मग खिडकीत बसवली, चष्मा उतरवला, फोन म्हणाला पापण्या मिटा, तिनं मिटल्या आणि वर एक जांभई दिली. दाखला झाला. ज्या आधारच्या नोंदीची आम्ही तेरा वर्षं टिंगल केली, तिच्यावरून ती बरोब्बर ओळखली गेली.

हॉलमध्ये मात्र नाही. पत्रिका नियमाप्रमाणे, व्रणासकट छापली गेली. पण फ्लेक्सचं काम ताईकडे होतं. तिनं मूळ फोटो परस्पर कुठल्याशा ॲपमधून काढला, कोपऱ्यातला कुटुंबाचा फोटो स्टुडिओचाच ठेवला आणि फ्लेक्सवाल्याला पाठवून दिला. कार्यक्रमाच्या सकाळी दारात सहा बाय चारची एक पस्तिशीची गोरीपान बाई उभी, अंगावर आईची मोतिया पैठणी. आईच्या भजनी मंडळातल्या चौघीजणी बाहेरूनच परत चालल्या होत्या, हॉल चुकला म्हणून. एका लांबच्या काकांनी ताईला वाकून सांगितलं, "तुझा फोटो छान आलाय हो, पण आज आईचा लावायचा होता." ताई त्या क्षणी लाजली की चिडली, ते अजून कळलेलं नाही.

आईनं फ्लेक्ससमोर थांबून वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हजार पौर्णिमा झाल्या," ती म्हणाली, "चंद्राचे डाग काढायला कुणी गेलं नाही. मला बरं धरलंत." आणि आत जाऊन एक्क्याऐंशी दिव्यांसमोर बसली.

फ्लेक्स टाकायचा जीव कुणाला होतो? तो गुंडाळून माळ्यावर गेला. यंदा चैत्रात आईनं तो काढायला लावला, गच्चीवर पसरला, वर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद घातला आणि सांडगे घालायला बसली. दोन्ही गाल भरले, हनुवटी भरली. कपाळावर आल्यावर थांबली, आणि डाव्या भुवईच्या वर एक सांडगा मुद्दाम जरा लांबट घातला. मान तिरकी करून पाहिलं.

"आता कशी ओळखीची वाटते," ती म्हणाली.

खालच्या कोपऱ्यात मी होतो, धाकट्याच्या केसांसकट. तिथं तिनं पिठाचं पातेलं ठेवलं.