रेंज नंतर सांगा, आधी गाडी रात्री कुठे उभी असते ते सांगा

गेल्या आठवड्यात मावसभावाने एक एक्सेल पाठवलं. छोट्या इलेक्ट्रिक गाड्यांची तुलना. अकरा गाड्या, सतरा रकाने, आणि त्यातला 'रेंज'चा, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती किलोमीटर जाते त्याचा, रकाना पिवळाधमक रंगवलेला. खाली मेसेज, "दादा, पिवळं बघ आणि सांग कुठली घेऊ."

मी पिवळं न बघताच विचारलं, "गाडी रात्री कुठे लावणार?"

"मिळेल तिथे. रस्त्यावर."

"रोजचं फिरणं किती?"

"तीस किलोमीटर. त्याच्या वर नाही."

सतरा रकान्यांत नेमके हे दोन नव्हते.

चार वर्षं छोटी इलेक्ट्रिक चालवणारा ओळखीपाळखीत मी एकटाच, त्यामुळे हा प्रश्न मला वर्षातून पाच-सात वेळा येतो. एकदाच नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्याला ही पोस्ट पाठवून मोकळा.

आधी त्या पिवळ्या रकान्याचं बघू. त्यातला प्रत्येक आकडा वेगळ्या फुटपट्टीने मोजलेला असतो. चीनमध्ये सीएलटीसी चाचणी, युरोपात डब्ल्यूएलटीपी, भारतात एमआयडीसी, अमेरिकेत ईपीए. सीएलटीसी आणि एमआयडीसी गाडीचे लाड करतात, ईपीए कान पिळते, डब्ल्यूएलटीपी मधली. बीवायडीची सीगल २०२३ मध्ये चीनमध्ये आली, बॅटरी ३० युनिटची, रेंज ३०५ किलोमीटर. (युनिट म्हणजे किलोवॅट-तास. वीजबिलात असतं तेच. मी इथे युनिटच म्हणणार, जिभेला सोपं पडतं.) तीच गाडी जराशी लांब करून २०२५ मध्ये 'डॉल्फिन सर्फ' या नावाने युरोपात उतरवली, तीही ३० युनिटची मिळते, आणि तिथे रेंज २२०. बॅटरी तेवढीच, पंच्याऐंशी किलोमीटर मात्र गायब.

भावाच्या एक्सेलमध्ये एमजी कॉमेट १७.३ युनिटवर २३० किलोमीटर जात होती आणि त्याच्या खालच्याच ओळीत छोट्या बॅटरीची फियाट ५००ई २४ युनिटवर १९०. कॉमेट वजनाला बरीच हलकी आहे हे मान्य. पण फियाटचे इंजिनिअर इतकेही ढ नाहीत. यातला मोठा फरक फुटपट्टीचा आहे, आणि दोन फुटपट्ट्यांवरचे आकडे एका रकान्यात ठेवून रंग मारला की तुलना होत नाही.

मी जाहिरातीतली रेंज बघणं सोडलंय. बॅटरीत वापरता येणारी युनिटं किती तेवढं बघतो. शहरात गुणिले सात, मोठ्या रस्त्यावर गुणिले पाच. शास्त्र नाही, ठोकताळा आहे, पण छोट्या गाडीला बऱ्यापैकी लागू पडतो. 'वापरता येणारी' हा शब्द सोडू नका. फियाटच्या २४ पैकी साधारण २१ हाताला लागतात. होंडा ई ३५.५ युनिटची म्हणून विकली गेली, पण प्रत्यक्षात तिशीच्या आतच. (काय देखणी गाडी होती ती! आरशांच्या जागी कॅमेरे, आत या टोकापासून त्या टोकापर्यंत पडदे. आणि रेंज जेमतेम २२०. बंद झाली तेव्हा वाईट वाटलं, आश्चर्य वाटलं नाही.)

सात आणि पाच असे दोन आकडे का, हे पेट्रोलवाल्यांना लवकर पटत नाही, कारण त्यांचं गणित बरोबर उलटं असतं. इलेक्ट्रिक गाडी शहरात जास्त जाते. ब्रेक लावताना थोडी वीज परत बॅटरीत येते आणि वेग कमी असल्याने हवा आडवी येत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० वरून ११० वर गेलात की तो जवळजवळ दुप्पट. त्यात या छोट्या गाड्या आखूड आणि उंच, आकार डब्याचा. त्यांना मोठ्या रस्त्यावर पळवणं म्हणजे कपाट आडवं धरून वाऱ्यात धावणं.

आता अशी गोष्ट, जी शोरूममध्ये मला कोणीही सांगितली नव्हती. एसी आणि हीटर किलोमीटरवर वीज खात नाहीत, तासावर खातात. समजा कडाक्याची थंडी आहे, हीटर दोन किलोवॅट ओढतोय आणि तुम्ही ताशी २० च्या वेगाने वाहतुकीत सरकताय. तासाभरात हीटरने दोन युनिटं संपवली. आणि तेवढ्या वेळात गाडी जी २० किलोमीटर चालली, त्यासाठी मोटरला लागली तीन. म्हणजे खर्च थेट दीडपटीच्या पुढे, आणि गाडी पोचली कुठेच नाही. एसी एकदा आतली हवा गार झाली की बराच कमी खातो, पण गणित तेच. मोठ्या गाडीच्या सत्तर युनिटच्या बॅटरीला हे जाणवतही नाही. सतराच्या बॅटरीला घाम फुटतो. हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढणारा) असेल तर हा खर्च बराच खाली येतो, पण छोट्या गाड्यांत तो बहुधा नसतो किंवा वरच्या मॉडेलला असतो. यावर फुकटातला उपाय म्हणजे निघण्याआधी, गाडी प्लगला असतानाच ती गरम किंवा गार करून घ्यायची. ती वीज भिंतीतून जाते, बॅटरी भरलेलीच राहते. अर्थात त्यासाठी भिंत पाहिजे.

भिंत. इथेच मी इतका वेळ येत होतो.

साधा १६ अँपिअरचा सॉकेट घ्या. गाडीत जाणारी वीज ३.३ किलोवॅट, वाटेतली गळती वजा केली की तासाला सुमारे तीन युनिटं बॅटरीत. गुणिले सात, म्हणजे तासाला वीसेक किलोमीटर. रात्री नऊला लावली, सकाळी सहाला काढली, तर १८० किलोमीटर तयार. भावाचं रोजचं फिरणं तीस. दीड तासाचं काम! ज्याच्याकडे स्वतःचा सॉकेट आहे त्याच्यासाठी 'रेंज किती' हा प्रश्न दिवसभरात ती पुरते का इतकाच उरतो, आणि शहरात ती पुरतेच. निस्सानची साकुरा बघा. बॅटरी २० युनिटची, रेंज १८०, घरचं चार्जिंग २.९ किलोवॅटचं, पूर्ण भरायला आठ तास. कागदावर अगदीच गरीब. २०२२ मध्ये आली आणि जपानमध्ये सगळ्यात जास्त खपणारी इलेक्ट्रिक गाडी झाली. घेणाऱ्यांनी तिला रात्री लावली, सकाळी काढली, विषय संपला.

(सॉकेटवरून आठवलं. मिक्सर पाच मिनिटं चालतो, गाडी आठ तास. तेव्हा वेगळी लाइन, वेगळा एमसीबी आणि खरीखुरी अर्थिंग करून घ्या. अर्थिंग नसेल तर चांगला चार्जर सुरूच होत नाही आणि मग लोक चार्जरला नावं ठेवतात. एक्स्टेन्शन बोर्डवर गाडी लावणाऱ्यांना माझा लांबूनच नमस्कार.)

आता सॉकेट नसलेल्याचं बघू. तोच भाऊ, तेच तीस किलोमीटर. आठवड्याचे झाले २१०. त्याने १७ युनिटची गाडी घेतली तर शहरात पूर्ण बॅटरीवर १२० किलोमीटर. पण बाहेर चार्ज करणारा माणूस शून्यापर्यंत जात नाही आणि शंभरापर्यंत थांबत नाही, तो १० ते ८० टक्क्यांमध्येच जगतो. राहिले ८४. म्हणजे तिसऱ्या दिवशी गाडी चार्जरच्या दारात. ४२ युनिटची घेतली तर त्याच हिशेबाने २०५ किलोमीटर, आठवड्यातून एक खेप.

रोज ८० किलोमीटर फिरणाऱ्या, पण घरी सॉकेट असलेल्या माणसाला लहान बॅटरी चालते. रोज तीसच फिरणाऱ्या, पण सॉकेट नसलेल्याला मोठी लागते. जास्त फिरणाऱ्याला जास्त रेंज, हे आपण पेट्रोलच्या सवयीने धरून चालतो. शहरातल्या छोट्या गाडीत मोठ्या बॅटरीचे पैसे आपण अंतरासाठी भरतच नाही, भिंत नाही म्हणून भरतो.

सॉकेट नसेल तर डीसी फास्ट चार्जिंगशिवाय (बाहेरच्या मोठ्या चार्जरवरचं, झटपट होणारं) गाडी घेऊ नका, एवढं माझं ठाम मत. कॉमेट सुरुवातीला आली ती फक्त ३.३ किलोवॅटच्या चार्जिंगवर, पूर्ण भरायला सात तास. दारात लावायला उत्तम गाडी. पण कुठल्याशा पार्किंगमध्ये दर तिसऱ्या दिवशी पाच तास ती सोडून येणार आहात का? रेनोच्या जुन्या इलेक्ट्रिक ट्विंगोला डीसी नव्हतं, पण २२ किलोवॅटचं एसी चार्जिंग (म्हणजे घरात येते तसल्या विजेवरचं, थंड हवेचा एसी नव्हे) होतं, त्यामुळे साध्या खांबावरही ती तासाभरात बरीचशी भरायची. हुशारीचा तोडगा, फक्त तसा खांब सापडायला हवा.

डीसीमध्ये किलोवॅटच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. गाडी ५० चीच असेल तर दीडशेच्या चार्जरवर लावूनही पन्नासच घेणार, आणि तेही सुरुवातीला. ऐंशी टक्क्यांनंतर वेग असा पडतो की मागे रांगेत उभा असलेला माणूस खाकरायला लागतो. १० ते ८० ला किती मिनिटं, इतकंच विचारा. ह्युंदाई इन्स्टर जोरकस चार्जरवर अर्ध्या तासाच्या आसपास, टियागो ईव्ही तासाच्या आसपास. सिट्रोएन ई-सी३ चे २६ मिनिटं सांगतात, पण ती २० ते ८० ची. दहा टक्के हळूच खिशात.

बाहेरच्या चार्जिंगवर जगायचं म्हणजे काय, याचा मला एका रात्रीत पुरेसा अनुभव मिळाला. बॅटरी नऊ टक्के. अॅपवर दोन चार्जर मोकळे. पहिल्यासमोर एक पेट्रोल गाडी गाढ झोपलेली. दुसऱ्याचा पडदा 'कृपया थांबा' म्हणत होता. मी थांबलो. तो अजूनही तेच म्हणत असेल. तिसरा चार्जर गाठला तेव्हा चार टक्के उरले होते, गाडीतला एसी बंद होता आणि बायको माझ्याशी बोलत नव्हती. आता जवळ निदान तीन वेगवेगळी चार्जिंगची ठिकाणं नसतील तर मी सॉकेट नसलेल्याला सरळ थांब म्हणतो.

पैशांचं थोडक्यात, कारण दर दर महिन्याला बदलतात. सगळ्यात स्वस्त मॉडेलच्या किमतीवर गाड्यांची तुलना करू नका, कारण कात्री नेमकी चार्जिंगवर चालवलेली असते. डॅशिया स्प्रिंगला डीसी बरीच वर्षं जादा पैसे देऊन घ्यावं लागायचं. फोक्सवॅगन ई-अपचंही तेच. आज जुनी ई-अप घेणार असाल तर सौदा ठरवण्याआधी चार्जिंगचं झाकण उघडून बघा. गोल सॉकेटच्या खाली दोन जाड भोकं नसतील तर डीसी नाही, आणि नंतर बसवून घेणं परवडत नाही. बाकी सॉकेटवाल्यांसाठी जुनी, कमी रेंजची गाडी हा माझ्या मते सगळ्यात फायद्याचा सौदा आहे. बाजार तिला ज्या कारणासाठी नाकं मुरडतो, त्या कारणाची तुम्हाला गरजच नाही.

स्प्रिंगचा विषय निघालाच आहे तर. टनाच्या आतली, साधी, काटकसरी, मला मनापासून आवडणारी कल्पना. पण २०२१ मध्ये युरो एनकॅपच्या धडक चाचणीत तिला एकच तारा मिळाला. 'शहरातच तर चालवायचीय' हे कारण मला पुरत नाही. मागच्या सीटवर मुलं बसतात.

वॉरंटी बहुतेकांची बॅटरीला आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तर. अटी वाचा. बॅटरी एलएफपी (लोह-फॉस्फेटच्या प्रकारची) आहे का तेही विचारा. तिला शंभर टक्के भरलेलं चालतं, उलट अधूनमधून भरावीच लागते, नाहीतर काटा चुकीचं दाखवायला लागतो. दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे एनएमसी बॅटरीला रोज ऐंशीवर थांबवलेलं बरं. म्हणजे त्या बॅटरीची रोजची रेंज तिथेच वीस टक्के कमी धरा, हेही कुठल्या रकान्यात नसतं.

हे सगळं भावाला फोनवर सांगितलं. तो जरा गप्प झाला. त्याला हवं होतं एका गाडीचं नाव, आणि मी दिलं लाइनमनचं काम. म्हटलं, सॉकेट मिळाला तर टियागोची १९ युनिटवाली पण चालेल. नाही मिळाला तर चाळीसच्या वरची बॅटरी आणि डीसी, नाहीतर अजून दोन वर्षं पेट्रोल.

काल रात्री त्याचा मेसेज आला. ऑफिसच्या तळघरात खांबाला १६ अँपिअरचा सॉकेट आहे, पाण्याच्या पंपासाठी लावलेला, पंप केव्हाच हलवलाय. सोमवारी विचारतो म्हणाला. सोबत एक्सेल पुन्हा. अठरावा रकाना आलाय, 'प्लग कुठे', आणि पिवळा रंग आता तिथे आहे.