विषम स्लॉट शुभ असतात

सिस्कोने 7206 व्हीएक्सआर राउटरची विक्री 2012 मध्ये थांबवली, म्हणजे आता तो खरा आपल्या खिशाला परवडतो. लॅमिंग्टन रोडवरून एक उचला. समोरून मोजा: कार्डांसाठी 6 स्लॉट. स्लॉट असतात ते भरायलाच. रिकामी जागा बघून गप्प बसणं आपल्याला लोकलच्या डब्यातही जमत नाही.

कुणी तरी शहाणा येऊन बँडविड्थ पॉइंट्सचं पुराण लावेल. ऐकून घ्या, कटिंग पाजा. पुराण असं: आतल्या प्रत्येक बसला (बस म्हणजे कार्डांचा डेटा जिथून धावतो तो सामाईक रस्ता) 600 पॉइंटांचा भार झेपतो. एका पोर्टाचं फास्ट इथरनेट कार्ड 200 खातं (शंभर मेगाबिट जायचे, शंभर यायचे), दोन पोर्टांचं 400. विषम स्लॉट एका बसवर, सम स्लॉट दुसऱ्या. म्हणून कार्डं दोन्हीकडे वाटून लावावीत, म्हणे.

आता सांगा, लग्नाच्या पाकिटात आपण 100 घालतो की 101? मग इथेच सम आकडा कशाला? 1, 3, 5. दोन पोर्टांची तीन कार्डं, झाले 1200. शून्य नंबरचं इनपुट-आउटपुट कार्डही त्याच बाजूला टेकलेलं असतं. त्याला म्हणावं, जरा सरकून घे. पाहुणे वाढले की आमटीत पाणी वाढवतात, पातेलं बदलत नाहीत.

राउटर बंद करायचीही गरज नाही. चालू असतानाच कार्ड सरकवा, खटका बसला, हिरवा दिवा लागला, नारळ फोडा. पुढे कधी तो रीस्टार्ट झालाच तर स्क्रीनवर कुरकुरेल की क्षमता 600 आहे आणि लावलंय त्याहून जास्त. त्यावर इलाज सोपा: ही कुरकुर जिच्यातून स्क्रीनवर येते ती निळी कन्सोल केबल ड्रॉवरमध्ये टाका. तो कुरकुरतो, अडवत नाही. आणि अडवत नाही म्हणजे परवानगीच की!

आमच्या ऑफिसात मी हे रविवारी केलं. काय पळत होतं! नेटवर्कवर मी एकटा, आणि क्रिकेट बघणारा वॉचमन. सोमवारी दहाला सगळे लॉगिन झाले आणि ‘ओव्हररन’, ‘इग्नोर्ड’ हे दोन आकडे रिक्षाच्या मीटरसारखे पडायला लागले. बसवर जागा नाही म्हटल्यावर पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, दारातच गळणार. याच नेटवर्कवरून नागपूर शाखेचा फोन आला: “हॅ… पाव… किती… ला?” मी ताबडतोब लाइनवाल्याकडे तक्रार नोंदवली. तो बिचारा दोनदा येऊन फायबरचं टोक पुसून गेला.

आकडे फारच डोळ्यांत खुपले तर ‘क्लिअर काउंटर्स’ मारा. एंटर, आणि सगळं शून्य. साहेबांना बोलवायचं ते नेमकं तेव्हाच. चहा घेऊन बोलवलंत तर उशीर होतो.

साहेब आले, शून्यं बघून खूश झाले. मग चष्मा वर करून विचारलं, “हे दोन, चार, सहा रिकामे कसे?”

“भविष्यातल्या विस्तारासाठी राखीव, सर.”

जागेवरच चौथ्या कार्डाची मंजुरी मिळाली. सध्या मी सातवा स्लॉट असलेला राउटर शोधतोय.