काकी दारामागे उभी नव्हती

सकाळी काकीचा फोन आला. "मी दारामागे खय गो रवलंय? सुपां कोणी भरल्यान, सांग माका!" आणि फोन ठेवून दिला. तेव्हापासून कामात लक्ष नाही.

गेल्या महिन्यात एका पोर्टलला गौरीच्या ओवशावर, म्हणजे भरलेल्या सुपांनी गौरीला ओवाळायच्या आमच्या कोकणातल्या विधीवर, लेख दिला होता. 1200 शब्दांचा. तेरडा मुळासकट उपटून आणायचा, त्याची गौर मांडायची, नव्या सुनेनं सुपं घेऊन ओवसायचं, आमच्याकडे गौरीला तिखटाचा, म्हणजे मांसाहारी नैवेद्य असतो, सगळं लिहिलं होतं. काकीवर एकच परिच्छेद. काका गेल्यापासून ती ओवसत नाही, पण सुपं भरावीत तर तिनेच. हळदीचं पान कसं घालायचं, दोरा कसा गुंडाळायचा ते तिलाच ठाऊक. सुनेचा हात चुकला की ती नुसती खाकरते, की सून परत पहिल्यापासून सुरू.

आणि छापलं काय? तेरडा गेला. नैवेद्य गेला, म्हणे वाचक गोंधळतील. सुपं गेली. काकी तेवढी ठेवली आणि मथळा दिला, 'दाराआडची विधवा'. अहो, दार हा शब्द माझ्या लेखात कुठेच नव्हता! पुतण्याने तिला हे मोठ्याने वाचून दाखवलं.

आमच्या घरातल्या बायका यांना एकतर मोदक वळताना हव्यात, नाहीतर डोळे पुसताना. प्रत्येक लेखाला तीच सूचना, 'थोडं दुःख वाढवता येईल का?' आणि मानधनासाठी मी तीन-तीन मेल करायचे.

प्रथा वाईट आहे, मान्य. कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामसभेनं 2022 साली विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, आमच्या गावात तो विषयही निघालेला नाही. पण म्हणून तिचं खाकरणं कापायचं? घरातला सगळ्यात मोठा अधिकार त्या खाकरण्यात आहे हो.

राग त्यांच्यावर काढतेय खरा. पण छापायला देण्याआधी तिला एकदा वाचून दाखवायला हवं होतं, ते मी केलं नाही. इतकी वर्षं घरच्यांवर लिहितेय आणि घरच्यांना विचारलेलं नाही.

मथळा बदला नाहीतर लेख काढा, असा मेल केलाय. दुपारी काकीला फोन लावला, म्हटलं उद्या येते, मी लिहिलेला अख्खा लेख वाचून दाखवते. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ये. येताना कुडाळाक टाकलेलो माझो चष्मो घेवन ये. मीच वाचतंय."