आबांनी काय केलं, काय करवून घेतलं : हरिपूरकर काकांना उत्तर

हरिपूरकर काका, नमस्कार.

उत्तराला तीन आठवडे लागले. पहिला आठवडा रागात गेला, ते लपवत नाही. आबांना, माझ्या आजोबांना, जाऊन दोन महिनेही झाले नव्हते आणि त्यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, 'ही श्रद्धांजली नाही, सातबारा आहे. सगळं एकाच्या नावावर.' लॅपटॉप मिटून ठेवला. दुसऱ्या आठवड्यात तुमची प्रतिक्रिया आजीला मोठ्यानं वाचून दाखवली. तिसरा आठवडा आजी जे बोलली ते पचवण्यात गेला.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. काकांचं म्हणणं असं, की आबांनी 'पेव भरलं', 'पेव फोडलं' (पेव म्हणजे हळद साठवायचा जमिनीखालचा खड्डा) असं मी लिहिलंय, पण हळदीचा मालक कधी पेवात उतरत नसतो. उतरायचे ते काकांचे वडील आणि त्यांच्यासारखे लोक; वर दोर धरून पोरवयातले काका उभे. कंदिलाबद्दलही मी चुकीचं लिहिलंय, आणि २००५ च्या पुरात पेवं गेल्यावर ज्यांचं पोट त्यांवर होतं त्यांचं काय झालं हे विचारलंच नाही. आणि 'एकट्याच्या जिवावर' हे शब्द लेखात चार वेळा आलेत. (मी मोजले. पाच वेळा आहेत.)

कंदिलापासून सुरुवात करते, कारण तिथं माझी सपशेल चूक आहे. पेवात उतरण्याआधी दोराला कंदील बांधून खाली सोडायचे, तो 'आत उजेड पडावा म्हणून', असं मी लिहिलं. तुम्ही म्हणालात, 'बाई, उजेड कुणाला हवा होता? कंदील जळत राहतो का ते बघायचं असतं.' खरं आहे. वीस-पंचवीस फूट खोल खड्डा, तोंड माणूस जेमतेम जाईल एवढं, पोट रांजणासारखं सुटलेलं, आणि वरून माती लोटून महिनोन् महिने कोंडलेली हळद. आतला वायू जाईपर्यंत तोंड उघडं ठेवायचं, मग कंदील सोडायचा, आणि तो विझला तर माणूस सोडायचा नाही. हळदीच्या घरात वाढून मला हे माहीत नव्हतं. ऊठसूट कशाचं ना कशाचं 'पेव फुटलं' म्हणून लिहिणारी मी, प्रत्यक्ष पेव एकदाच पाहिलंय, तेही बुजवलेलं.

आता क्रियापदं. तुमची प्रतिक्रिया डोक्यात ठेवून लेख परत वाचला. आबांनी विहीर काढली. आबांनी हळद लावली, शिजवली, वाळवली. आबांनी सांगलीजवळच्या हरिपूरला पेव भरलं. आबांनी घर बांधलं, तीन पोरींची लग्नं केली. आपल्याकडं पैसे ज्यानं मोजले त्याच्या नावावर क्रियापद चढतं, हे मला तुमच्या त्या सातबाऱ्यामुळं दिसलं. गवंड्याचं नाव कुठल्या घरावर असतं? पण एवढं मान्य करूनही सगळीच क्रियापदं मी परत देणार नाही, आणि इथं तुमच्याशी थोडं भांडायचं आहे.

'कष्टाळू म्हणजे देखरेख करत असतील' असं तुम्ही जाता जाता लिहून गेलात. तसं नव्हतं हो. अक्षय्य तृतीयेच्या आसपास लागण झाली की पुढं आठ-नऊ महिने त्या माणसाला शेजारच्या गावचं लग्न माहीत नसायचं. पाण्याची पाळी रात्री दोनला असली तर दोनला, पोरांना न उठवता. फेब्रुवारी-मार्चात हळद शिजवायच्या काहिली पेटल्या की मुक्काम शेतात. पाला आणि पोती टाकून हळद झाकायची, वाफ धरायची, हळकुंडात काडी घालून बघायची. काडी सुळकन गेली तर झालं. त्या वाफेनं डाव्या हातावर कोपरापर्यंत कातडी गेली होती, तो डाग शेवटपर्यंत होता. हंगामात त्यांचे तळवे आणि नखं इतकी पिवळी व्हायची, की धाकट्या काकूच्या माहेरचे पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना आबांना कावीळ झालीय असं वाटलं. जेवताना सगळे गप्प. पाहुणे गेल्यावर आजी हसून हसून खाली बसली होती.

आणि विहिरीत ते स्वतः उतरले होते. १९७२ च्या दुष्काळातली गोष्ट. बाहेरून आलेल्या टोळीबरोबर त्यांनी बरोबरीनं पहार मारली. हे आजीनं सांगितलं, आणि आजी आबांची फुकटची तारीफ करणाऱ्यांतली नाही. तिचे शब्द असे होते : "इहिरीत उतरला हुता त्यो. पेवात न्हाई. पेवाला लई भ्यायचा."

मी विचारलं, म्हणजे? तर म्हणे, लग्नाच्या आधी कधीतरी हरिपूरला एका माणसाला दोराला बांधून वर काढताना आबांनी पाहिलं होतं. माणूस जगला का गेला, ते त्यांनी आजीला कधी सांगितलं नाही. तेव्हापासून आपलं पेव उघडायचं असलं की आदल्या दिवशीच हरिपूर गाठायचे. तोंड उघडलं की रात्रभर तसंच ठेवायला लावायचे. सकाळी कंदील एकदा सोडून भागायचं नाही, दोनदा. तिकडं अडत्या खोळंबलेला, सौद्याची वेळ टळतेय, गाडीवान शिव्या घालतोय, हे तिथंच मातीवर बसून.

हे मला आधी कळलं असतं तर मूळ लेखात मी त्याची 'गड्यांवरची माया' करून टाकली असती, डोळ्यांतून पाणी काढणारं एक वाक्यही जोडलं असतं. आता तुमच्यापुढं लिहिताना हात आवरते. त्यांना भीती वाटायची म्हणून ते थांबायचे. थांबून झालं की खाली दुसरंच कुणीतरी जायचं. आबा वर बसायचे. दोन्ही खरं आहे आणि त्यातलं कुठलं मोठं ते मला ठरवता येत नाही. तुम्हाला येत असेल, तुम्ही दोर धरून उभ्या असलेल्या पोराच्या बाजूनं ते पाहिलंय.

'एकट्याच्या जिवावर' मात्र पाचही ठिकाणांहून काढलं आहे. खरं तर तुम्ही फक्त पेवाबद्दल बोललात, घराकडं वळला नाहीत. आजी वळली. हळद खणून निघाली की ती फोडायची कुणी? जेठे गड्डे वेगळे, बगल गड्डे वेगळे, हळकुंडं वेगळी, सोरा गड्डा वेगळा, हे सगळं उन्हात बसून बायका करायच्या. आजी, थोरली आत्या, वाड्यावरच्या सात-आठ जणी. शिजलेली हळद पंधरा दिवस उन्हात पसरायची, रोज हलवायची, अवकाळीचा ढग दिसला की धावत जाऊन झाकायची, हेही त्याच. आणि दहावीची परीक्षा नेमकी मार्चात. थोरल्या आत्यानं परीक्षेला बसायचंच नाही असं घरात कुणी ठरवलं नव्हतं, फक्त त्या वर्षी हळद जास्त होती. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. आबांनी हे आयुष्यभर मनाला लावून घेतलं असं म्हणायला मला आवडलं असतं, पण तसा काही पुरावा नाही. आत्याच्या मुलींच्या शाळेची फी मात्र त्यांनी भरली. ते क्रियापद त्यांचंच.

२००५ च्या पुराबद्दलही तुमचं बरोबर आहे. कृष्णेचं पाणी हरिपुरात शिरलं, पेवं भरली, आमची हळद कुजली, आणि मी 'आबांचं पेव बुडालं' असं एक प्रकरणभर रडगाणं गायलं. आबांनी पुढच्या वर्षी परत हळद लावली. माल पुढं गोदामात जाऊ लागला, मग शीतगृहात. ज्यांचं पोट पेवावर होतं त्यांनी पुढं काय केलं, हा प्रश्न मला पडला नाही. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, ते कात्रण आबांनी देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला अडकवलं होतं. तुमच्या घरी ती बातमी कुणी वाचली का, आणि वाचून काय म्हणाले, ते सवडीनं लिहा.

शेवटचं एक काम आहे. लेखासाठी मी आबांची हिशोबाची वही वापरली होती. तुमच्यामुळं ती परत काढली. बैलांची नावं आहेत त्यात, इंजिनाच्या मेकॅनिकचं आहे, अडत्याचं तर पानोपानी. पेवाच्या नोंदी अशा : 'पेव उघडणे, गडी ४, दोर भाडे, चहा.' दरवर्षी तेच. गडी ४.

आजीला त्या चौघांतला एकजण आठवतो. संगमेश्वराच्या देवळाकडून यायचा म्हणे, आणि उतरण्याआधी चहा घ्यायचा नाही, वर आल्यावर दोन कप घ्यायचा. त्याचं नाव ती घेते, पण ते इथं चारचौघांत टाकत नाही. तुमचे वडील चहा कधी घ्यायचे, एवढं मला कळवा.