बॉटल जशीच्या तशी

आमच्या चिरंजीवांच्या बॅगेतून रोज दुपारी पाण्याची बॉटल निघते ती सकाळी जेवढी भरून दिली तेवढीच भरलेली, फक्त पाणी आता चहापत्ती टाकायची बाकी इतकं गरम. आणि हे मार्च-एप्रिलच्या नागपूरमध्ये! सकाळची शाळा केली तरी सुटायच्या वेळेला टाळू तापलेली असते, विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात त्या काही उगाच नाही, पण हा पोट्टा लिटरभर पाणी खांद्यावर घेऊन जातो आणि काशीहून कावड आणल्यासारखा थेंब न सांडता परत आणतो.

"काऊन बे, पाणी काऊन नाही पेला?"

"पेलो की सूले लागते. मॅडम म्हणते आत्ताच तर सुट्टी झाली. अन् तिथलं बाथरूम तू पाहून ये एकदा."

यावर काय बोलणार. केरळच्या शाळांमध्ये २०१९ मध्ये पाणी प्यायची वेगळी घंटा सुरू केली होती, तशी इथेही वाजवा असं मी पालकसभेत म्हटलं तर सगळ्यांनी माना डोलावल्या, बाथरूमचं काढलं तर सगळे एकदम घड्याळ पाहायला लागले. घंटेला काय, एक शिपाई पुरतो, संडास धुवायला रोज माणूस लागतो ना.

मग एकदम बॉटल रिकामी यायला लागली. मी खुश, सासूबाईंनी तर दृष्टच काढली त्याची. आणि मग गेटवरचे वॉचमन काका म्हणतात, "ताई, तुमच्या पोराले झाडाची लय आवड आहे, रोज घरी जाताना कडुनिंबाले पाणी घालते." आख्ख्या शाळेत त्या कडुनिंबाएवढं हायड्रेटेड कोणी नाही.

फळांची तर बातच सोडा. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये जीआय टॅग मिळाला, तेव्हापासून पुण्याचे नातेवाईक "तुमची पोरं तर संत्र्यांवरच वाढत असतील" म्हणतात, हो वाढतात ना, संत्रा बर्फीवर. खरं संत्रं दिलं की बिया, बियांनंतर त्या पांढऱ्या शिरा, एकेक शीर ओढून काढेपर्यंत मधली सुट्टी दीड फोडीत संपते. हिवाळ्यातल्या आंबिया बहाराची संत्री देऊन पाहिली, फेब्रुवारी-मार्चातल्या मृग बहाराची पाहिली, निकाल तोच. तरी बरं, २०२० च्या नियमात शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत जास्त तेल-मीठ-साखरेचं विकायला बंदी आहे, पण जो मुलगा हॉलमधून उठून फिल्टरपर्यंत जात नाही तोच मुलगा कुरकुऱ्यांसाठी एक्कावन्नावा मीटर गाठतो, भर उन्हात, पळत.

डबा मात्र रिकामा यायचा. काकडी, गाजर, सगळं साफ. मला शंका होतीच, तेवढ्यात त्याच्या मित्राच्या आईचा फोन आला, "तुम्ही काकडीले काय लावता हो? आमचा म्हणते तशीच दे."

लावते काय, मीठ अन् लिंबू! मग दोघींनी हिशेब जुळवला तेव्हा समजलं की माझी काकडी तिच्या पोराच्या पोटात जाते आणि तिचा पालकाचा पराठा, ज्याला आमच्या घरी गवत म्हणतात, तो माझ्या पोराच्या. तो म्हणे सॉससुद्धा मागत नाही.

पोरांना काही सांगायचं नाही असं फोनवरच ठरलं. आता मी कॉटन मार्केटमध्ये उभी राहून दुसऱ्याच्या पोराच्या आवडीचं टरबूज ठोकून पाहते, घरी येऊन त्याच्या बिया काढते, आणि ती तिकडे माझ्या पोरासाठी पराठ्यात बीट किसते. चोरून, सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, पण घालते म्हणे, जो आमचा पोट्टा माझ्या पोह्यांतून वेचून बाजूला ठेवतो. वाईट नाही वाटलं असं नाही, पण पोटात जातंय ना.

परवा तिसऱ्याच एका आईचा मेसेज आला, तुमच्यात एक जागा आहे का, आमची पोरगी सगळं खाते, फक्त घरचं नाही खात.

सासूबाईंना वाचून दाखवला तर म्हणाल्या, "घे तिले. पण आधी विचार, पाणी कोणाचं पिते."