पॉइंट सहाचा दगा

हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स हातात पडलं आणि डोक्यात किडा वळवळला की आपण रेडिओ विकत घ्यायचा नाही, ४० मीटर बँडवरचं बोलणं ऐकायचा रिसीव्हर किट आणून स्वतः जोडायचा. दोन संध्याकाळचं काम म्हणालो होतो. तिसऱ्या आठवड्यात आईने डायनिंग टेबलचा नाद सोडला आणि ताटं टीव्हीसमोर मांडायला लागली.

बारा व्होल्ट दिले तर स्पीकर ढिम्म. व्हॉल्यूमच्या पायाला स्क्रूड्रायव्हर टेकवला, घुर्रर्र झालं, म्हणजे आवाज मोठा करणारी ३८६ चिप जिवंत आहे, घोटाळा अँटेनाकडे कुठेतरी.

आधी टोरॉइडवर, म्हणजे कडीवर गुंडाळलेल्या तारेच्या कॉइलवर, संशय. मीटर लावला, बीप, म्हणजे जोड ठीक! रेडिओ मेलेलाच. परत लावला, परत बीप. तासाभराने ट्यूब पेटली की मी प्रोबचं टोक इतकं रेटून दाबतोय की तारेवरचं इनॅमल, म्हणजे वार्निशचा थर, तिथल्या तिथे खरवडलं जातंय आणि मीटर खूश होतोय, सोल्डर मात्र वार्निशवर नुसतं चकचकत बसलंय. ब्लेड घेतलं, तार सोलली, बोटही थोडं सोललं.

तरी शांतता.

आता ट्रान्झिस्टर. किटमधला एक टूएन ३९०४ ट्रान्झिस्टर बहुतेक केरात गेला होता (केर मीच काढला होता, त्यामुळे कुणावर ओरडताही येईना), म्हणून घरातला बीसी ५४७ ठोकला होता. दोन्ही एनपीएन जातीचे, दोन्ही काळे, दोन्ही तीन पायांचे, अजून काय पाहिजे? बेस आणि एमिटर या दोन पायांमध्ये ०.६ व्होल्ट, धडधाकट ट्रान्झिस्टरसारखे, अगदी पुस्तकी. मग तीन दिवस कपॅसिटर बदल, क्रिस्टल बदल, दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या घाल.

शेवटी डेटाशीट उघडली. सपाट बाजू आपल्याकडे धरली तर ३९०४ मध्ये डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर आणि ५४७ मध्ये कलेक्टर, बेस, एमिटर. साहेब उलटे उभे होते! आणि बेस-कलेक्टर हाही शेवटी बेस-एमिटरसारखा डायोडच, त्यामुळे ०.६ तर तो उलटा असतानाही इमानदारीत दाखवणारच.

जुना काढून नवा ५४७ बरोबर फिरवून लावला आणि खरखर आली, काय सांगू, डोळ्यात पाणी. दहा मिनिटांनी कळलं की ती खरखर टेबलावरच्या एलईडी बल्बची आहे. बल्ब बंद केला, डायल फिरवला, आणि अंधारात दोन काका बोलायला लागले.

"लाइट गेली का रे?" आई आली.

"नाही, रेडिओ लागला!"

एक काका दुसऱ्याला तुमच्याकडे पाऊस आहे का विचारत होते. आईने पाच मिनिटं उभ्याने ऐकलं.

"हे फोनवर नाही का विचारता येत त्यांना?"